अशुभ दिवस आला कोठून?

(वर्षावासानिमित्त दिलेले व्याख्यान)





वर्षावासाच्या तीन महिन्यांतच पोळ्याची अमावस्या येते आणि पितृपक्षही येतो. आपल्या हिंगोली जिल्ह्यातील विहारांत या काळात ग्रंथवाचन चालू असते. घरी मात्र कोणीतरी म्हणते, "आज अमावस्या आहे, उद्या निघा." कोणी म्हणते, "पक्ष चालू आहे, सोयरिकीचे दसऱ्यानंतर पाहू." श्राद्ध करणार नाही, अशी प्रतिज्ञा आपण १९५६ साली घेतली. श्राद्ध सुटले, पण श्राद्धाच्या पंधरवड्याची भीती सुटली नाही. ही भीती मुळात आली कोठून?

प्रथम अमावस्या घेऊ. त्या दिवशी चंद्र सूर्याच्या दिशेला असतो, म्हणून त्याची उजेडाची बाजू आपल्याला दिसत नाही. आकाशात घडते ते एवढेच. दिव्यांची सोय नव्हती तेव्हा काळोख्या रात्री बैलगाडीने निघणे धोक्याचे होते. वाटेत साप, विंचू, चोर. त्या रात्री प्रवास टाळणे हे शहाणपण होते. पुढे वीज आली, एस.टी. आली. टाळण्याचे कारण गेले, टाळणे तेवढे उरले. पण त्याच अमावस्येला आपला शेतकरी पोळ्याचे बैल सजवतो, दिवाळीचे लक्ष्मीपूजन अमावस्येलाच होते आणि तामिळनाडूत नव्या कामाला अमावस्या चांगली मानतात. मग ती अशुभ कोणाची?

आता शनिवार. सम्राट अशोकाच्या लेखांत तिथी आणि नक्षत्रे येतात, वार येत नाहीत. ग्रहांच्या नावांचे सात वार आपल्याकडे पश्चिमेकडून ग्रीक ज्योतिषाबरोबर आले. वाराच्या भारतातील सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी एक मध्य प्रदेशातील एरण येथील इ.स. ४८४ च्या लेखात आहे. ज्या शनिवारी तेल आणू नये, लोखंड घेऊ नये म्हणतात, तो वारच असा मागाहून आलेला आहे.

साडेसातीचे गणित विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे. शनीला सूर्याभोवती एक फेरी पुरी करण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. राशी बारा, म्हणून एका राशीत तो सुमारे अडीच वर्षे दिसतो. आपली रास, तिच्या मागची आणि पुढची, अशा तीन राशींची झाली साडेसात वर्षे. म्हणजे कोणत्याही दिवशी बारापैकी तीन राशींना साडेसाती असतेच. दर चार माणसांत साधारण एकाला! साडेसात वर्षांत कोणाच्या घरी आजारपण येत नाही? कोणाचे पीक बुडत नाही? आलेले संकट लक्षात राहते, सुखाने गेलेले दिवस कोणी मोजत नाही. भीती अशीच खरी वाटू लागते.

आकड्यांचेही तसेच. आपल्याकडे म्हणतात, तीन तिगाडा काम बिगाडा. पण आपण तर रोज त्रिशरण घेतो, त्रिरत्नांना वंदन करतो! युरोपात तेराला भितात, जपानमध्ये चाराला भितात, कारण तेथे चार आणि मृत्यू या शब्दांचा उच्चार सारखा आहे. आकड्यात खरोखर बळ असते तर देश बदलल्यावर ते बदलले नसते.

बंधू-भगिनींनो, यात हसण्यासारखे असले तरी आम्ही हा विषय हसण्यासाठी घेतलेला नाही. 'अशुभ' हा शब्द दिवसावर थांबत नाही, तो माणसाला चिकटतो. मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याला वाईट ठरते. विधवा भगिनी शुभकार्यात मागे उभी राहते. आणि आपल्या आजा-पणजांची तर सावलीच अशुभ ठरवली गेली होती. ज्यांनी हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या अंगावर सोसला, त्यांनीच तो एखाद्या दिवसाला किंवा लेकीला लावावा काय?

भगवंतांनी ग्रह-नक्षत्रांवरून शुभाशुभ सांगून पोट भरणे भिक्खूंना निषिद्ध ठरवले. अमावस्या तर भिक्खुसंघाच्या उपोसथाचा दिवस आहे. नक्षत्र जातकात अशी कथा आहे की, वराकडच्यांनी ठरल्या दिवशी एका आजीवकाला विचारले. आपल्याला आधी विचारले नाही म्हणून तो रागावलेला होता. "आज नक्षत्र चांगले नाही," असे त्याने सांगितले. वऱ्हाड गेले नाही, आणि वधूकडच्यांनी वाट पाहून मुलगी दुसऱ्या घरी दिली. नक्षत्र पाहता पाहता कार्य हातचे गेले. सम्राट अशोकाने नवव्या शिलालेखात लग्न, जन्म, आजार, प्रवास यांवेळच्या मंगलविधींना अल्प फळाचे म्हटले आणि दास-सेवकांशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम यांना खरे मंगल म्हटले. या लेखाचा एक तुकडा आपल्याच महाराष्ट्रात सोपाऱ्याजवळ १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी सापडला.

कोणी विचारतील, बाबासाहेबांनीही दसराच निवडला ना? होय, पण मुहूर्त म्हणून नव्हे. अशोकाच्या धम्मस्वीकाराचे स्मरण म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ ची अशोक विजयादशमी निवडली गेली. दिवसाला अर्थ येतो तो माणसाच्या कृतीने. मराठीत संकटाला 'संक्रांत आली' म्हणतात. पण विधिमंडळाच्या १९७८ च्या ठरावानंतर सोळा वर्षे लढून मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले, ते १४ जानेवारी १९९४ रोजी, ऐन संक्रांतीला! आज तो आपला नामविस्तार दिन आहे.

पंचांग फाडून टाका, असे आम्ही म्हणत नाही. मृगाची पेरणी सूर्याची गती पाहून ठरलेली आहे, ते अनुभवाचे ज्ञान आहे. आमची विनंती एवढीच की, आजारी माणसाला अमावस्या असली तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. लग्नाची तारीख मुलांच्या परीक्षा, शेतीची कामे आणि खिसा पाहून ठरवा. सोयरीक जुळवताना मुलीचे शिक्षण विचारा, नक्षत्र विचारू नका. आणि घरातील वडीलधारी मंडळी अडवू लागली तर त्यांच्यावर हसू नका. जवळ बसून साडेसातीचे गणित त्यांना मांडून दाखवा.

ज्या दिवशी आपण कोणाचे भले केले, तो दिवस शुभ.

नमो बुद्धाय! जय भीम!