पूररेषेच्या आतले शहर



परिषदेच्या स्वागताध्यक्षाने पाहुण्यांची सोय नीट लावावी आणि भाषण लवकर आटोपावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. पहिले काम आमच्या कार्यकर्त्यांनी चोख केले आहे. दुपारी तांबडा-पांढरा रस्सा आहे आणि शाकाहारी मंडळींनाही आम्ही उपाशी ठेवणार नाही. दुसऱ्या कामाचा प्रयत्न मी करतो.

तशी आपली ओळख जुनी आहे, पुरातली. मुंबईकरांना आम्ही २६ जुलै २००५ पासून ओळखतो; त्या दिवशी एकट्या सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पुणेकर आठवतात ते २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीमुळे. त्या रात्री धरणातून सोडलेल्या पाण्याने नव्हे, तर गावातल्याच आंबिल ओढ्याने माणसे नेली. नागपूरकरांचा अंबाझरी तलाव सप्टेंबर २०२३ मध्ये ओसंडून वस्तीत शिरला. चिपळूणकरांचा जुलै २०२१ आम्हाला वेगळा लक्षात ठेवावा लागत नाही, कारण त्याच आठवड्यात आम्हीही पाण्यात होतो. सांगलीकर तर घरचेच. अशा ओळखीवर सोयरीक जुळावी हे काही भूषण नाही, पण जुळली आहे खरी. या करवीरनगरीत, कोल्हापुरात, मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: पाणी किती फुटांवर? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी कितवा उघडला, हे आम्ही क्रिकेटच्या धावसंख्येसारखे विचारतो. इतके सारे ठाऊक असलेल्या या शहरात २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले, आणि दोन्ही वेळा आम्ही अडकलोच. तेव्हा माहिती कमी पडली, असे निदान आम्हाला तरी म्हणता येणार नाही.

पंचगंगेचा पूर सावकाश चढतो. गगनबावडा, राधानगरीकडचा पाऊस भोगावती, कुंभी, कासारीतून खाली येतो आणि बंधाऱ्यावरची पातळी तासाला काही इंचांनी वाढत जाते. पळायला वेळ मिळतो. पण शहरात पाणी शिरते ते नेहमी नदीकाठाकडूनच असे नाही. नदी फुगली की जयंती नाल्याचे पाणी पुढे सरकत नाही, ते मागे रेटले जाते. मग व्हीनस कॉर्नरला, शाहूपुरीत ते आधी गटारातून आणि तळघरातून वर येते. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत त्या दिवसांत गणपतीचे काम ऐन भरात असते. कुंभार मूर्ती उचलून फळीवर ठेवतात, फळीवरून माळ्यावर नेतात. पाणी माळ्याच्याही मागे लागले की रंग लागायच्या बाकी असलेल्या शाडूच्या मूर्तीचा पायापासून चिखल होत जातो. वर्षाची कमाई अशी डोळ्यांदेखत विरघळते, आणि पंचनाम्यात तिचा उल्लेख ‘साहित्याचे नुकसान’ एवढाच.

त्याच दिवसांत शहरभर पाणी असते आणि नळ कोरडे असतात. नदीकाठची उपसा केंद्रे बुडालेली, म्हणून उंचावरच्या पेठांतल्या बायकाही घागरी घेऊन टँकरच्या रांगेत. शिरोलीजवळ महामार्ग बंद, म्हणून दूध नाही, भाजी नाही, पेट्रोल नाही. ज्याच्या उंबऱ्याला थेंब लागला नाही, तोही पूरग्रस्तच.

पाऊस बदलला आहे यात शंका नाही. चार महिने पसरून पडणाऱ्या पावसाचा मोठा भाग आता थोड्याच दिवसांत कोसळतो, हे शेतकरीही सांगतो आणि हवामानवालेही. पण आमच्या शहराने केले काय? पाणी पसरायची जी सखल शेते होती, त्यांत मुरूम-मातीचे भराव टाकले आणि त्यावर इमारती, मंगल कार्यालये, गॅरेज उभी केली. भराव टाकणारा स्वतःपुरता वाचतो. त्याच्या जागेवरचे पाणी शेजाऱ्याच्या घरात जाते. पुढच्या वर्षी शेजारीही भराव टाकतो. महामार्गाच्या भरावाबद्दलही इथल्या लोकांची तक्रार आहे, आणि तिथे कमानी किंवा खांबांवरचा पूल हवा ही मागणी मला रास्त वाटते. मात्र ती करताना आपल्या गल्लीतला भराव विसरू नये.

कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचा विषय या मांडवात निघेलच, निघायलाही हवा. धरणाची उंची वाढवायला आमचा विरोध आहे. पण २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचा दोष आलमट्टीला दिला नव्हता, हेही इथे उघडपणे बोलले पाहिजे. शेजारच्या राज्याकडे बोट दाखवले की आपल्या बांधकाम परवान्यांची चर्चा टळते, ही सोय फार दिवस चालली.

या परवान्यांचा संबंध पूररेषांशी आहे. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. बिल्डर याचा अर्थ ‘आता शंभर वर्षे बघायला नको’ असा सांगतो. गणित वेगळे आहे. लाल रेषेवर घर घेऊन तीस वर्षांचे कर्ज काढले, तर ते फिटेपर्यंत एकदा तरी पाणी दारात येण्याची शक्यता साधारण चारात एक. निळ्या रेषेवर हीच शक्यता दहात सात. हा हिशेब सदनिका विकताना कुणी सांगत नाही, आणि बँकही विचारत नाही.

या दोन दिवसांत तज्ज्ञ नकाशे दाखवतील, निबंध वाचतील, ठरावही होतील. यजमान म्हणून माझी एकच मागणी आहे. ठराव वीस करू नका, एकच करा: निळ्या रेषेच्या आत यापुढे एक डंपरही माती पडणार नाही, आणि कुणाच्या प्लॉटसाठी ती रेषा सरकवली जाणार नाही. व्यासपीठावर लोकप्रतिनिधी आहेत, समोर महापालिकांचे अभियंते आहेत. त्यांनी या ठरावावर नावानिशी सह्या कराव्यात. पहिली सही स्वागत समितीची असेल.

अध्यक्ष महोदयांनी परिषदेची सूत्रे स्वीकारावीत, अशी मी विनंती करतो.