तलावात कंटाळा येतो? हा भाग ऐका

आज कोड नाही, करिअर नाही, आज पोहणं.

एप्रिलमध्ये तलावावर जत्रा असते आणि जुलैत लेन रिकाम्या, हे तुम्हीही पाहिलं असेल. सोडणाऱ्यांना विचारा, बहुतेक जण एकच सांगतात, बोअर होतं यार. खरंय ते. जा-ये, जा-ये, खाली तीच निळी फरशी, कानात गाणी नाहीत. पण मला सोडणं परवडणारं नव्हतं. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत जातात, पाठ दोनदा धरली, आणि पोहायला लागल्यापासूनच ती जरा बरी आहे. मग मी कंटाळ्यावरच काम केलं.

पहिली वस्तू, पुल बॉय. फोमचा ठोकळा, मांड्यांमध्ये धरायचा. पाय तरंगतात, काम फक्त हातांचं. आपल्याकडे विहिरीत पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून पोरांना सोडायचे ना, तसंच वाटेल. पण तो भोपळा बुडू नये म्हणून. हा चूक शोधायला. आपण कोडमध्ये अर्धा भाग कमेंट करून बग कुठे ते बघतो, अगदी तसं. पुल बॉय लावून तुम्ही नेहमीपेक्षा फास्ट जात असाल, तर समजा की एरवी तुमचे पाय खाली लोंबतायत आणि पाणी अडवतायत. मी माझे सेकंद मोजले आणि गप्पच बसले!

मग किकबोर्ड. हात फळीवर, फक्त पाय. इथे खुर्चीवाल्यांची खरी परीक्षा. घोटे कडक असतील तर पाय मारूनही माणूस जागच्या जागी. त्यावर आखूड फिन्स चांगले. पायाची बोटं मागे ताणली जातात, आणि स्पीड मिळतो तो वेगळाच. सगळ्यात जास्त हसू येतं ते फिन्स घालूनच. मान वर धरून दुखत असेल तर फळी सोडा, हात पुढे ताणून किक मारा.

हँडपॅडल्सची मात्र घाई नको. तळवा मोठा होतो, म्हणजे खांद्यावर लोड वाढतो. स्ट्रोक नीट बसल्यावर, लहान साइझ घ्या. मनगटाचा पट्टा काढून फक्त बोटाचा ठेवा. हात चुकीचा पडला की पॅडल स्वतःच निसटतं. फुकटचा कोच. खांदा दुखला तर लगेच बंद.

माझी पंचेचाळीस मिनिटांची बॅच अशी: 200 मीटर आरामात, 4 वेळा 50 किकबोर्ड, 4 वेळा 100 पुल बॉय, 4 वेळा 50 फिन्स. शेवटी सगळं काठावर ठेवून गेम. एका लेंथचे स्ट्रोक अधिक सेकंद, हा तुमचा स्कोअर. 25 मीटरला 22 स्ट्रोक आणि 30 सेकंद, म्हणजे 52. गोल्फसारखा, कमी तितका भारी. नुसते हात भराभर मारून स्कोअर सहसा उतरत नाही, कारण स्ट्रोक वाढतात. हा गेम साधनं काढूनच खेळायचा हं, नाहीतर त्यांचीच सवय लागते.

सगळं एकदम घेऊ नका. पुल बॉयपासून सुरू करा. बऱ्याच तलावांवर काठावर एखादा पडलेला असतो, आधी तो मागून बघा. तुमचा स्कोअर मला नक्की पाठवा. माझा सध्या 49 वर अडकलाय.