मुलीचे वय, शाळा आणि मातृत्व



आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, असे कित्येकांस वाटेल. परंतु याच नागपुरात, २० जुलै १९४२ रोजी, अखिल भारतीय दलित महिला परिषदेस हजारो स्त्रिया जमल्या असता अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे यांनी संततिनियमनाचा प्रश्न भर सभेत मांडला होता. मुलांच्या लग्नाची घाई करू नका, असे डॉक्टर आंबेडकरांनी तेथेच आयांना बजावले. आणि परिषदेने मुलींसाठी वसतिगृहे मागितली. त्या बायांना शाळा आणि शरीर हे दोन प्रश्न वेगळे वाटले नाहीत. आम्ही मात्र ते वेगळे करून बसलो.

आमचा सारा भर वर्षे मोजण्यावर. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे वय १४ ठरविले. १९७८ साली ते १८ झाले. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. असे का व्हावे? गावची शाळा सातवीला संपते, पुढची शाळा दोन कोस लांब, एस्टीचा भरवसा नाही. मुलगी घरी बसली की बापाची झोप उडते, आणि आलेले पहिले स्थळ बरे वाटू लागते. कायदा वय सांगतो. मधली वर्षे मुलीने कोठे काढावीत, हे सांगत नाही. वसतिगृह ते सांगते.

सोळाव्या वर्षी मुलीची स्वतःचीच वाढ पुरी झालेली नसते. अंगात रक्त कमी. त्यात गर्भ राहिला की बाळंतपण अडते, मूल कमी वजनाचे जन्मते. आणि तिला पाळी का येते हेसुद्धा कोणी समजावलेले नसते! आम्ही सुशिक्षितही येथे गप्पच.

त्याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. २०१२ च्या कायद्याने अल्पवयीन मुलीच्या गर्भारपणाची खबर पोलिसांस द्यावी लागते. त्या भयाने घरचे लोक इस्पितळ टाळतात आणि आठवडे निघून जातात. वास्तविक, मुलीने व पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी खबरेत तिचे नाव देण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलीस, पालकांच्या लेखी संमतीने आणि दोन डॉक्टरांच्या मताने, चोविसाव्या आठवड्यापर्यंत गर्भपात करून घेता येतो.

या सभागृहातील किती आयांना हे ठाऊक आहे? आणि ज्यांना ठाऊक आहे, त्यांपैकी कितीजणींनी ते घरी काम करणाऱ्या बाईच्या मुलीला सांगितले आहे?