भोंग्यानंतरचा कामगार

(चिंचवड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या परिसरातील जुन्या माणसांना घड्याळाची फारशी गरज पडत नसे. कारखान्यांचे भोंगे हीच त्यांची घड्याळे होती. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. आणि पाहता पाहता आकुर्डी, चिंचवड, भोसरीच्या रानांतून कारखाने उभे राहिले. मोरया गोसावींचे आणि चापेकर बंधूंचे चिंचवड कामगारांचे गाव झाले. भोंग्याचा आवाज कर्कश खरा, परंतु त्यात एक न्याय होता. तो कामावर बोलावी, तसाच कामावरून सोडवीही. १९४८च्या कारखाने कायद्याने घातलेली आठवड्याच्या ४८ तासांची मर्यादा कामगाराच्या कानावर पडत असे ती या भोंग्याच्या रूपाने.

आता येथील एका प्रातिनिधिक घराचा विचार करावा. वडील जन्मभर लेथवर टर्नर म्हणून राबले. मुलगा शेजारच्या हिंजवडीत संगणकाच्या आज्ञावली लिहितो. वडिलांच्या पगारातून तो शिकला आणि आज वडिलांच्या अखेरच्या पगाराहून कितीतरी अधिक कमावतो. वरवर पाहता ही सरळ प्रगतीची कहाणी आहे. परंतु हिंजवडीच्या रस्त्यावरील वाहनांच्या रांगेत अडकून बसला असताना या मुलाच्या मनात जे विचार येतात, ते कामगार चळवळीने ऐकण्यासारखे आहेत.

पहिला विचार वेळेचा. वडिलांचे लेथ यंत्र कारखान्यातच राही. पाळी संपली की हात धुवून माणूस मोकळा होई. मुलाचे अवजार मात्र त्याच्या पिशवीतून घरी येते आणि मोबाईलच्या रूपाने उशाशी झोपते. २०२०च्या टाळेबंदीत तर स्वयंपाकघराचा ओटा हीच कचेरी झाली. कायदा नाही असे नव्हे. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे नऊ तास दहा करण्यास मान्यता दिली. परंतु रात्री अकरा वाजता परदेशातील ग्राहकाशी होणारे बोलणे हजेरीपटावर नोंदवितो कोण? जे मोजलेच जात नाही, त्याची दुप्पट मजुरी मागावयाची कशी? अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर येथे वेतनाचा दर चढा दिसतो, पण ज्या तासांनी त्याला भागावयाचे, ते तासच हिशेबातून गायब आहेत.

हा तरुण स्वतःस कामगार म्हणवून घेत नाही. त्याच्या नियुक्तिपत्रावर ‘अभियंता’ असे लिहिलेले असते. परंतु काम काढून घेतले जाते त्या दिवशी त्या शब्दाचा उपयोग होत नाही. राजीनामा ‘स्वेच्छेने’ लिहून द्यावयाचा आणि निमूट बाहेर पडावयाचे, असा शिरस्ता पडला, तर त्याच्यामागे उभी राहील अशी युनियन क्वचितच असते. वडिलांच्या पिढीने टेल्कोचा १९८९चा लढा पाहिला होता. त्या लढ्याला हवे तसे यश आले नाही. पण शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसलेले कामगार एकटे नव्हते. मुलगा एकटा आहे.

तथापि त्याचा दुसरा विचार अधिक मोलाचा आहे, कारण तो स्वतःच्या गाऱ्हाण्यापलीकडे जातो. आज्ञावली लिहिणारा केवळ राबत नाही. तो नियमही करतो. संकेतस्थळावरील अर्जात मोबाईल क्रमांकाच्या चौकटीपुढे तो एक तांबडी चांदणी काढतो. अर्थ असा की, ही चौकट भरल्यावाचून अर्ज पुढे सरकणार नाही. हे काम अर्ध्या मिनिटाचे. परंतु मराठवाड्यातून आलेली, वाकडच्या बांधकामावर राबणारी एखादी बाई, जिच्याजवळ स्वतःचा मोबाईल नाही किंवा ज्याचे सिमकार्ड दोनदा बदलले आहे, ती त्या चांदणीपाशी थांबते. विधिमंडळात कायदा होतो तेव्हा निदान चर्चा होते, विरोधी पक्ष उभा राहतो, वृत्तपत्रे लिहितात. या चांदणीवर चर्चा झालेली नसते. ज्याने ती काढली त्याला ती बाई दिसत नाही, आणि त्या बाईला तो दिसत नाही. कचेरीतला कारकून अडवणूक करी, पण त्याच्याशी भांडता तरी येई.

याचा प्रत्यय त्याला घरातच येतो. १९९५च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील निवृत्तांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो अंगठ्याच्या ठशावर संगणकाद्वारे देण्याची सोय झाली. पण तीस-पस्तीस वर्षे तापलेले लोखंड, कीस आणि कूलंट हाताळलेल्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र ठसा नाकारते. ज्या श्रमाबद्दल निवृत्तिवेतन मिळावयाचे, त्याच श्रमाने ते मागण्याची खूण पुसून टाकलेली असते! आणि ते निवृत्तिवेतन केवढे? २०१४ साली त्याची किमान रक्कम ठरली महिना १००० रुपये. पुढे चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोयही आली. पण तिला बऱ्यापैकी मोबाईल आणि तो हाताळणारा मुलगा लागतो. ज्याचा मुलगा असा नाही, त्याने काय करावे?

तिसरा विचार त्याच्या दारात जेवणाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या पोऱ्याचा. पूर्वी मुकादम दिसत असे. त्याचा स्वभाव, त्याची जात, त्याची मर्जी कळत असे. या पोऱ्याचा मुकादम म्हणजे एक आज्ञावली आहे. कोणती फेरी कोणाला, तिचे पैसे किती, उशीर झाला तर शिक्षा काय, हे तीच ठरविते. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा श्रमिकांना प्रथमच नाव दिले आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठी द्यावी असे सांगितले. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. राजस्थानने तर २०२३ मध्येच स्वतंत्र कायदा केला. परंतु मुकादमाचे नियम उघड करावयास लावल्यावाचून हे संरक्षण अपुरेच राहील.

यावर कोणी म्हणेल की, समाजवाद्यांना यंत्राचा विटाळच आहे. हा आरोप खरा नाही. सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात दिवसचे दिवस बसलेला शेतकरी २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या काढू शकतो, ही लहान गोष्ट नव्हे. गांधीजींचा विरोध यंत्राच्या हव्यासाला होता; शिवणयंत्राचे त्यांनी कौतुकच केले. डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला तो माणूस यंत्राचा धनी राहावा म्हणून. खुद्द महाजालाचा जन्मही सार्वजनिक मालकीतून झाला. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत त्याची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ते तंत्र जगाला मोफत खुले केले. ते गावचे गायरान होते. गायरानाला कुंपण नंतर पडले. जी वस्तू आणखी एकाने वापरली तर खर्च जवळजवळ वाढत नाही, ती मुळात मुबलक असते. तिच्यावर नफा कमवावयाचा तर टंचाई निर्माण करावी लागते. म्हणून दोष तंत्राचा नाही, कुंपणाचा आहे.

तेव्हा मागण्या काय असाव्यात? एक, कामाचे तास संपल्यावर मोबाईल न उचलण्याचा हक्क. फ्रान्सने तो २०१७ पासून कायद्यात आणला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये तसे खासगी विधेयक लोकसभेत मांडले, पुढे २०२५ मध्ये पुन्हा मांडले. ते खासगीच राहू नये. दोन, प्रत्येक सरकारी सेवेला संगणकाबाहेरची एक खिडकी असावी, तेथे माणूस बसलेला असावा, आणि अर्ज मराठीत असावा. तीन, जी आज्ञावली माणसाची मजुरी किंवा हक्क ठरविते, तिचे नियम मराठीत जाहीर व्हावेत आणि त्यांवर दाद मागता यावी.

चौथी मागणी सरकारकडे नाही, चळवळीकडे आहे. आकुर्डी-चाकणच्या कामगार संघटनांनी हिंजवडीच्या तरुणाला ‘साहेब’ समजून दूर ठेवू नये. आणि त्या तरुणाने नियुक्तिपत्रावरच्या शब्दाला भुलू नये. वडिलांचा अंगठा यंत्राने का नाकारला, हे त्याला जितके कळते तितके कोणत्याही पुढाऱ्याला कळणार नाही. ते त्याने युनियनच्या सभेत येऊन सांगावे. भोंगा काही कारखानदाराने दया म्हणून वाजविला नव्हता. आठ तासांच्या दिवसासाठी कित्येक पिढ्या लढल्या, तेव्हा तो वाजू लागला. हिंजवडीचा भोंगाही तेथे काम करणाऱ्यांनाच वाजवावा लागेल.