तुर्भ्यात दार कुणाचं ठोठवायचं?

आम्ही तुर्भ्याच्या बाया बोलतोय. तुर्भ्याच्या म्हणजे आता तिथल्या. तशा आम्ही पाटण-जावळीकडच्याच. लग्न झालं आणि मालकांच्या मागे आम्ही तिकडे गेलो. जत्रेला गावी आलो की तुम्ही विचारता, "तुर्भे म्हणजे मुंबईच ना गं?" यंदा दोघीतिघींनी वेगळंच विचारलं, "पोराला तिकडे काम लागतंय, एखादी खोली बघशील का?" म्हणून आज तुर्भे कसं आहे आणि तिथे कुणाचा कारभार चालतो, ते सांगतो.

तुर्भे मुंबईत नाही. खाडीच्या अलीकडे, ठाणे जिल्ह्यात, नवी मुंबई महापालिकेत आहे. पण तुमची-आमची ओळख जुनी आहे. शेतातून कोबी, वाटाणा, मिरची, कांदा भरून गाडी मुंबईला जाते म्हणता ना, त्यातल्या कितीतरी गाड्या खरं तर तुर्भ्यालाच येतात. तुम्ही वाशी मार्केट म्हणता ते हेच. कांदा-बटाटा, भाजी, फळं, धान्य आणि मसाला असे त्याचे पाच बाजार आहेत. पूर्वी हा घाऊक व्यापार मुंबईत मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट अशा ठिकाणी चालायचा. तो टप्प्याटप्प्याने इकडे आला, भाजी आणि फळं १९९६ साली आली. आपल्या भागातले हमाल-माथाडीही त्याच्यामागे आले. माथाडींसाठी १९६९ साली कायदा झाला. त्यासाठी लढणारे अण्णासाहेब पाटील आपल्या पाटण तालुक्यातलेच. त्या कायद्यामुळे पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाची नोंद झाली, त्याचा पगार मंडळातून मिळू लागला आणि फंड जमू लागला. आमच्यातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली.

आता तिथल्या जमिनीची गोष्ट ऐका. आधी तिथे आगरी-कोळ्यांची गावं होती. भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासळी यावर त्यांचं पोट. मुंबईची गर्दी कमी करायला नवं शहर वसवायचं ठरलं आणि १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, उरण, पनवेल भागातल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी ठरवली गेली. मोबदल्यासाठी लोक दि. बा. पाटलांच्या मागे उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळ गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. सातबाऱ्यावर बहुतेक पुरुषांचीच नावं असायची. भात झोडणारी, मासळी विकणारी बाई कागदावर नव्हती. हे आपल्या गावीही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तुर्भे स्टेशनवर उतरलात तर दोन तुर्भी दिसतील. पश्चिमेला जुनं गावठाण, मार्केट आणि सिडकोने आखलेले सेक्टर. पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडला की एमआयडीसीचे कारखाने. त्यांना लागून तुर्भे स्टोअर, इंदिरानगर, हनुमाननगर, गणपतीपाडा अशा वस्त्या आणि मागे दगडखाणींनी कापलेला डोंगर. इथे सातारा-सांगलीची माणसं आहेत, मराठवाड्यातल्या दुष्काळातून खाणीवर आलेली आहेत, उत्तर प्रदेश-बिहारची आहेत. नळावर चार भाषांत भांडण होतं आणि हळदीकुंकवाला चारही भाषांतल्या बाया येतात.

महापालिका १ जानेवारी १९९२ पासून सुरू झाली, पहिली निवडणूक १९९५ साली झाली. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत तिची आठ विभाग कार्यालयं आहेत, त्यातलं एक तुर्भ्याचं. २०११ च्या जनगणनेत या शहरात ११ लाखांवर माणसं मोजली गेली. रायगड जिल्ह्यात खालापूरजवळचं मोरबे धरण या महापालिकेच्या मालकीचं आहे. स्वच्छतेत २०२० साली देशातल्या मोठ्या शहरांत तिचा तिसरा नंबर आला, त्याचा आम्हालाही अभिमान वाटला. पण त्या साऱ्या शहराचा कचरा शेवटी तुर्भ्याच्याच क्षेपणभूमीवर येतो. तो उचलणाऱ्या आणि निवडणाऱ्या हातांत आपल्या बायांचे हातही आहेत.

आता मुद्द्याचं. गावात आपल्याला ग्रामपंचायत माहीत असते. नळ, दिवा, गटार, दाखला, सगळ्याला तेच दार. तुर्भ्यात तसं नाही. सेक्टरमधली जमीन सिडकोची, कारखान्यांकडची एमआयडीसीची, डोंगराकडे गेलं की वनखात्याची. वीज महावितरणची, बाजार बाजार समितीचा, स्टेशन रेल्वेचं. कचरा, दवाखाना, महापालिकेची शाळा आणि जन्म-मृत्यूचा दाखला महापालिकेचा. उत्पन्नाचा दाखला महसूल खात्याचा. एका गल्लीत उभं राहिलं तर चार कार्यालयांची हद्द पायाखाली असते.

याचा त्रास कसा होतो, ते सांगतो. आमच्या वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयाचा दिवा गेला. दाराची कडीही तुटली. रात्री मुलींना एकटं पाठवायची सोय राहिली नाही. आम्ही आळीपाळीने टॉर्च घेऊन दाराशी उभ्या राहायचो. अंधार पडला की जायला नको म्हणून काही जणी संध्याकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. त्यातली एक गरोदर होती.

आम्ही एका कार्यालयात गेलो. तिथे सांगितलं, जमीन आमची नाही. दुसरीकडे गेलो तर म्हणाले, जमीन आमची पण बांधकाम आमचं नाही. तिसऱ्या खेपेला आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या काकू टेबलापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, जमीन कुणाची ते राहू द्या. तिथे झाडू मारायला माणूस येतो, त्याचा पगार कोण देतं, तेवढं सांगा." साहेब गप्प झाले, मग त्यांनीच टेबल दाखवलं. आम्ही अर्ज लिहिला, बचत गटाच्या सगळ्या जणींनी सह्या-अंगठे केले. दोन प्रती केल्या. एक दिली, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. दर सोमवारी दोघीजणी तो कागद घेऊन जायच्या. कामावरचा खाडा वाटून घेतला, म्हणून कुणा एकीची मजुरी बुडली नाही. तीन महिन्यांनी दिवा लागला, कडीही बसली. पाण्याचं मात्र अजून पुरतं झालेलं नाही. त्याचा अर्ज चालू आहे.

यातून आम्ही जे शिकलो, ते खोली बघायला सांगणाऱ्या बहिणींसाठी. भाड्याची असो वा विकतची, पहिला प्रश्न विचारा, जमीन कुणाची? स्टॅम्प पेपरवर लिहिलं म्हणून घर आपलं होत नाही. झोपडपट्टीत १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीला सरकारचं संरक्षण आहे. त्यासाठी जुनं वीजबिल, मतदार यादीतलं नाव असे पुरावे लागतात. म्हणून जुना कागद पेटीतून कधी फेकू नका. भाडेकरार लिहूनच घ्या आणि त्यावर पोराबरोबर सुनेचंही नाव घाला. अडीनडीला महापालिकेचं मोठं सार्वजनिक रुग्णालय वाशीला आहे. हमालीला लागणाऱ्या पोराची माथाडी मंडळात नोंद होते का, ते पहिल्याच दिवशी विचारा. नोंद नसेल तर घाम त्याचा आणि हिशेब दुसऱ्याचा.

आणखी एक गोष्ट, तुमच्या गावासाठी. महापालिकेतही निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, पण आमच्याकडे ग्रामसभा नाही. महापालिकेच्या सभेत नगरसेवक बोलतात, आपण उठून प्रश्न विचारू शकत नाही. नगरसेवकांची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि नंतर पाच वर्षांहून जास्त काळ निवडणूकच झाली नाही. कारभार प्रशासकांच्या हाती होता. एवढ्या वर्षांत आमच्या गल्लीची तक्रार घेऊन सभागृहात उभं राहणारं कुणी नव्हतं. तुमच्या गावात मात्र वर्षाला निदान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात आणि त्यांच्या आधी महिलांची सभा. तिथे तुम्ही सरपंचाला नाव घेऊन विचारू शकता, हा खर्च कुठे गेला? आम्ही तुमच्यात होतो तेव्हा ग्रामसभेच्या दिवशी भाकऱ्या थापत बसायचो, सभा पुरुषांची म्हणायचो. आता तीन कार्यालयं हिंडल्यावर कळतं, आम्ही काय सोडून आलो ते.

तेव्हा तुर्भ्याला या, जरूर या. मार्केट बघायचं असेल तर भल्या पहाटे या. तुमच्या गाडीतली मिरची उतरवणारा कदाचित तुमच्याच भावकीतला निघेल. चहा आमच्याकडे घ्या. पण येण्याआधी पुढच्या महिला सभेला जाऊन बसा आणि एक तरी प्रश्न विचारा. काय उत्तर मिळालं ते आम्हाला जत्रेत सांगा.

बरं तर, येतो आम्ही. राम राम!