पारणे नसलेले तप



सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा, तसाच हिशेबाचाही प्रसंग असतो. काय मिळविले, काय दिले आणि कोणते देणे अद्याप शिल्लक आहे, याचा ताळेबंद अशा वेळी मांडावयाचा असतो. मंदिर, पाठशाळा, धर्मशाळा, दवाखाना, शिष्यवृत्ती ही धर्मादाय संस्थांच्या जमेच्या बाजूची ठळक नावे होत. देण्याच्या बाजूस मात्र एक रक्कम अशी आहे, की जी आजवर कोणत्याही खातेवहीत लिहिली गेलेली नाही. अंथरुणाला खिळलेल्या आप्ताची वर्षानुवर्षे घरी शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचे ते देणे होय. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

अशा घराचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. सासूबाईंना पक्षाघात होऊन चार वर्षे लोटलेली असतात. सून स्वतः पंचावन्न वर्षांची असते. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावयाची, घास श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून मान वर धरून चमच्याने भरवावयाचे, लंगोट बदलावयाचे, औषधांच्या वेळा सांभाळावयाच्या आणि रात्री दोन-तीनदा उठावयाचे, हा तिचा नित्यक्रम असतो. घरात लग्न निघाले की कोणीतरी एक जण मागे राहावा लागतो. तो 'कोणीतरी' बहुधा तीच असते. पर्युषणातील व्याख्यान, शिखरजीची यात्रा, माहेरचे बारसे हे सारे तिच्यासाठी बंद झालेले असते. स्वतःच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ती 'दिवाळीनंतर पाहू' म्हणून तीन दिवाळ्या पुढे ढकलते. येणारा पाहुणा 'आजींची तब्येत कशी आहे?' असे आवर्जून विचारतो. 'वहिनी, तुम्ही कशा आहात?' असे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

ही व्यक्ती नेहमी सूनच असते असे नाही. मुले बंगळुरूला किंवा अमेरिकेत असलेल्या घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे पती स्मृतिभ्रंश झालेल्या पत्नीला सांभाळीत असतात. कोठे अविवाहित कन्या असते, तर कोठे मतिमंद मुलाला चाळिशीपर्यंत सांभाळणारे आणि 'आमच्यामागे याचे काय?' या चिंतेने झोप उडालेले माता-पिता असतात.

हा प्रश्न मूठभर घरांचा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक होती. ती त्यानंतर वाढतच गेली आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीच्या आधारे केलेल्या अभ्यासानुसार साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लक्ष भारतीय स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीत असे दिसून आले, की पंधरा ते एकोणसाठ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांच्या संगोपन-शुश्रूषेत वेळ देतात, तर पुरुषांत हे प्रमाण सुमारे २१ टक्केच आहे. असे काम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी १४० मिनिटे, तर पुरुष ७४ मिनिटे देतो. यात मुलांचे संगोपनही आले; तथापि भार कोणाच्या खांद्यावर आहे, हे यावरून स्पष्ट होते.

जैन परंपरेने सेवेला तपाचा दर्जा दिला आहे. तत्त्वार्थसूत्रात अभ्यंतर तपाच्या सहा प्रकारांत वैयावृत्त्याची गणना आहे आणि ज्यांची सेवा करावयाची अशा दहांमध्ये 'ग्लान', म्हणजे रुग्ण साधूचा स्वतंत्र उल्लेख आहे. तो संदर्भ साधुसंघाचा असला, तरी गृहस्थानेही तो आदर्श मानला आहे. परंतु येथे एका गोष्टीचा विचार व्हावयास हवा. आपल्या येथे उपवासाला पारणे असते. अट्ठाईचे पारणे नवव्या दिवशी होते. मासक्षमणासारखे उग्र तपही तीस दिवसांनी पूर्ण होते. तपस्व्याला पारणे करविण्यासाठी सारा समाज धावून येतो आणि तो मान आपल्याला मिळावा म्हणून घरोघरी चढाओढ लागते. घरातील शुश्रूषेचे तप मात्र असे आहे, की ज्याला पारणेच नाही. ते कधी संपेल हे ठाऊक नसते, आणि ते संपावे अशी इच्छा मनात येणेदेखील त्या माऊलीला पाप वाटते.

कायदा या व्यक्तीकडे कसा पाहतो? २००७ साली संसदेने माता-पिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीचा कायदा केला. निर्वाहभत्ता मागण्याचा अधिकार, ज्येष्ठाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान दीडशे जणांचे वृद्धाश्रम, अशा स्तुत्य तरतुदी त्यात आहेत. तथापि हा कायदा सांभाळ न करणाऱ्या मुलाचा विचार करतो. सांभाळ करून थकलेल्या माणसाचा करीत नाही. त्यातील 'अपत्य' या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू व नात आहेत. जिच्या हातून प्रत्यक्षात बहुतांश शुश्रूषा घडते त्या सुनेचा निर्देशही नाही. २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत पाच लक्ष रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण मिळाले, ही मोठीच सोय झाली. परंतु ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे संरक्षण आहे. रुग्णालयातून सुटी मिळून रुग्ण घरी आला, की पुढच्या दीर्घ शुश्रूषेचा बहुतांश खर्च आणि सारे श्रम घराचेच.

यावर जगात जो उपाय रूढ झाला आहे, त्याला 'विसावा-सेवा' म्हणता येईल. रुग्णाची जबाबदारी काही तास, काही दिवस किंवा दोन-चार आठवडे दुसऱ्या प्रशिक्षित हातांनी घ्यावयाची आणि नित्य शुश्रूषा करणाऱ्यास मोकळे करावयाचे, एवढाच तिचा अर्थ. तिचे तीन प्रकार आहेत. पहिला, प्रशिक्षित सेविकेने काही तास घरी येऊन बसणे. दुसरा, रुग्णाला दिवसभर केंद्रात ठेवून सायंकाळी घरी आणणे. आणि तिसरा, ठराविक दिवसांचा अल्पकालीन निवास.

जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषा-विमा सक्तीचा आहे. त्यात घरच्या माणसाला सुटी मिळावी म्हणून रुग्णाच्या अल्पकालीन निवासाची व पर्यायी सेवेची तरतूद आहे. १ जुलै २०२५ पासून या दोन्हींसाठी मिळून वर्षाला ३,५३९ युरोपर्यंतची एकत्रित रक्कम ठरविण्यात आली. जपानमध्ये एप्रिल २००० मध्ये अशीच व्यवस्था सुरू झाली. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरावयाचा, निम्मा भार सार्वजनिक तिजोरीने उचलावयाचा आणि लाभार्थ्याने उत्पन्नानुसार सेवाखर्चाचा दहा ते तीस टक्के वाटा द्यावयाचा, अशी तिची घडी आहे. त्यातून सलग तीस दिवसांपर्यंतचा अल्पनिवास मिळू शकतो. अमेरिकेत अंतिम अवस्थेतील रुग्णासाठी असलेल्या सरकारी विम्यातून एका वेळी पाच दिवसांपर्यंत रुग्णाला अन्यत्र ठेवून घरच्यांना विश्रांती देता येते.

भारतात काहीच नाही असेही नाही. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या 'समर्थ' योजनेत अल्पकालीन निवासाची कल्पना आहे; मात्र ती स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांपुरती मर्यादित आहे. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात काळजीवाहकासाठीच्या भत्त्याचा उल्लेख आहे. केरळ राज्याने २०१० मध्ये 'आश्वासकिरणम्' या योजनेद्वारे अंथरुणास खिळलेल्यांची शुश्रूषा करणाऱ्यास अल्प का होईना, मासिक साहाय्य देण्यास प्रारंभ केला. तसेच २००८ च्या धोरणानुसार तेथे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आधाराने परिचारिका आणि स्वयंसेवक घरोघरी जातात. हे कार्य सरकार आणि समाज यांच्या जोडीनेच उभे राहते, हा केरळचा धडा आहे.

व्यापारी समाजाला हिशेबाची भाषा लवकर समजते, म्हणून एक साधे गणित मांडावयास हरकत नाही. दहा खाटांचे केंद्र कायमच्या निवासासाठी चालविले, तर त्यात दहाच माणसांची सोय होते. तेच केंद्र प्रत्येक कुटुंबाला वर्षातून चौदा दिवस दिले तर? वर्षाचे ३६५० खाट-दिवस होतात. त्यातील एक पंचमांश रिकामे जातील असे धरले, तरी २९२० दिवस उरतात. म्हणजेच दोनशेहून अधिक कुटुंबांना प्रत्येकी दोन आठवड्यांचा विसावा मिळतो. खर्च जवळजवळ तोच, लाभ वीसपट. दुकानातील यंत्रालाही घसारा धरला जातो, मोटारीचीही वेळच्या वेळी देखभाल होते. अहोरात्र झिजणाऱ्या माणसाचा घसारा मात्र कोणी धरीत नाही. आणि एके दिवशी तीच व्यक्ती कोसळली, की घरात एका रुग्णाच्या जागी दोन रुग्ण होतात.

या विचाराला विरोधही होतो आणि तो समजून घेतला पाहिजे. पहिला आक्षेप लोकलज्जेचा. 'आईला आश्रमात टाकले असे लोक म्हणतील.' परंतु टाकणे आणि विसावा घेणे यांत मूलभूत भेद आहे. येथे दाखल होण्याच्या दिवशीच परतीची तारीख लिहिलेली असते. आजवर घरी सांभाळले म्हणूनच हा विसावा लागतो, आणि पुढेही घरीच सांभाळता यावे हाच त्याचा हेतू असतो.

दुसरा आक्षेप रुग्णाच्या जिवाचा. नव्या जागी वृद्ध माणूस गोंधळतो, विशेषतः स्मृतिभ्रंश झालेला. हे खरेच आहे. म्हणून प्रथम दोन-तीन दिवस केवळ दिवसापुरते नेणे, नंतर एक रात्र ठेवणे, ओळखीची चादर, जपमाळ, तसबीर सोबत देणे, औषधांची व सवयींची लेखी यादी सुपूर्द करणे, अशी पायरी-पायरीची पद्धत आवश्यक ठरते. जैन घरातील वृद्धांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. आयुष्यभर चौविहार पाळलेली आणि कंदमुळे न खाल्लेली आजी परक्या ठिकाणी अन्नालाच स्पर्श करीत नाही. उकळलेले पाणी, सूर्यास्तापूर्वी भोजन आणि सामायिकासाठी शांत जागा या गोष्टी तिच्या दृष्टीने औषधाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. अशी सोय असल्याखेरीज घरचे लोक तिला कोठे ठेवण्यास धजावणार नाहीत.

तिसरा आक्षेप असा, की पैसे टाकले तर ब्युरोची मावशी मिळतेच. ती मिळते, पण ज्याच्याजवळ पैसे आहेत त्यालाच. शिवाय तिला प्रशिक्षण असेलच याची खात्री नसते आणि तिच्यावर लक्ष ठेवण्याचे काम पुन्हा घरच्याच माणसाला करावे लागते. दुकानातील नोकर, रिक्षाचालक, लहान पगारदार यांच्या घरातील शुश्रूषा तर कोणत्याही हिशेबात येत नाही. म्हणूनच ही गोष्ट केवळ दातृत्वावर सोडून चालणार नाही. तिला सार्वजनिक आधार हवा.

शासनाकडे तीन मागण्या एकमुखाने कराव्या लागतील. पहिली, घरी शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीची नोंद व्हावी. आशा सेविका आणि नागरी आरोग्य केंद्रे यांच्यामार्फत हे करणे अवघड नाही. दुसरी, मान्यताप्राप्त केंद्रातील वर्षाला किमान चौदा दिवसांच्या निवासासाठी उत्पन्नानुसार दिवसागणिक अनुदान मिळावे. हे अनुदान संस्थेच्या इमारतीला न मिळता कुटुंबाच्या हक्काला मिळावे. तिसरी, अशा केंद्रांसाठी सेवकवर्ग, स्वच्छता व तपासणी यांचे नियम असावेत, म्हणजे विसाव्याच्या नावाखाली हेळसांड होणार नाही.

समाजाने मात्र शासनाची वाट पाहत थांबू नये. यात्रेचा हंगाम सरला, की धर्मशाळांच्या अनेक खोल्या कित्येक महिने रिकाम्या असतात. त्यांपैकी दोन खोल्या, एक पात्र परिचारिका, दोन प्रशिक्षित सेविका, ठराविक वेळी येणारे डॉक्टर आणि तातडीच्या प्रसंगी जवळच्या रुग्णालयाशी केलेली व्यवस्था एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी जो सामाजिक निधी खर्च करावयाचा असतो, त्याच्या अनुसूचीत ज्येष्ठांसाठीची दिवसकेंद्रे व अन्य सुविधा स्पष्टपणे नमूद आहेत. त्या निधीचा मार्गही खुला आहे. शिवाय ज्याला काहीच देता येत नाही, त्याला आठवड्यातून एक दुपार देता येते. शेजारच्या आजोबांपाशी तीन तास बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखविणे हीदेखील विसावा-सेवाच आहे, आणि तिला कोणत्याही ठरावाची आवश्यकता नाही.

तपस्व्यांच्या अनुमोदनेत हा समाज कधीही मागे राहिलेला नाही. यापुढे त्या अनुमोदनेत बंद दाराआड चाललेल्या या मूक तपाचाही समावेश व्हावा. ज्यांच्या तपाला पारणे नाही, त्यांना वर्षातून निदान चौदा दिवसांचे पारणे करविण्याचा मान सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजाने मिळवावा, हीच विनंती.

जय जिनेंद्र.