हात एकच, भरपाई वेगळी

अपघातात एका सुताराचा डावा हात गेला आणि एका सरकारी कारकुनाचाही. डॉक्टरांच्या दाखल्यावर अपंगत्वाची टक्केवारी सारखीच, तरी भरपाई सारखी नसते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असंच उदाहरण दिलं होतं. कारकुनाची नोकरी टिकू शकते. सुताराचा धंदाच बसतो, म्हणून त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडाली असं धरता येतं.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे त्यामुळे केवळ दवाखान्याची बिलं पुरत नाहीत. जखमी माणूस रोज काय काम करायचा, त्याचे पैसे किती मिळायचे, हेही दाखवावं लागतं. कामाच्या पावत्या, बँकेचं पासबुक, मालकाची साक्ष. हातावर पोट असलेल्यांची बाजू नेमकी इथेच लंगडी पडते, आणि हे फार वाईट आहे.

दावा राहत्या जिल्ह्यातही लावता येतो. कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे, तेव्हा दिरंगाई नको.

धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही, तर? 1 एप्रिल 2022 पासून गंभीर जखमीला 50 हजार आणि मृताच्या वारसांना 2 लाख रुपये मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत करायचा.